लागोपाठ तीन

गाडी तीन महिने बिल्डिंगखाली उभी होती.
मागच्या काचेवरच्या धुळीत बी-विंगच्या पोरांनी
बोटाने स्टंप काढलेले.
सेक्टर आठमधला बिजू आला,
दुसऱ्या बॅटरीला वायर जोडून म्हणाला,
‘वहिनी, रोज दहा मिनिटं तरी चालू करत जा,
नाहीतर विसरायला होतं.’
गाडीला की मला, ते काही बोलला नाही.

महेंद्रची बँक आता गडहिंग्लजला.
यंदा सुटीत आपणच गाडीने जाऊ,
असं मी निकालाच्या दिवशी भरात बोलून गेले
आणि मुलांनी ते कॅलेंडरवर लिहून टाकलं,
लाल स्केचपेनने, दुधाच्या हिशोबावर.

तेव्हापासून ऐरोलीच्या या दोन खोल्यांत
चालायला वाट नाही.
डिंगणकर काकूंनी आवळासुपारी दिली
आणि बजावलं, निघताना दूध देऊ नकोस,
कितीही मागितलं तरी.
श्रीखंडाचे रिकामे डबे मी झाकणांसकट जमवलेत, सहा.
ते कशासाठी, हे मुलांना ठाऊक आहे;
जेवताना विचारू नये.
तिखटमिठाच्या पुऱ्या उद्या रात्री.
शर्वाची उशी, कारण तिच्याशिवाय झोप येत नाही.
निहारची उशी, कारण शर्वाची घेतली.
मासा येणार नाही, हे तीनदा सांगून झालं.
चौथ्यांदा माझा आवाज चढला
आणि बरणी काकूंकडे गेली, चिठ्ठी चिकटवून:
‘दिवसाला चारच दाणे. तो खोटं सांगतो.’

निहारने दोनशे पानी वहीत रकाने आखलेत,
वाटेतल्या गाड्यांच्या नंबरांचे.
त्रेचाळीस आपला. सेहेचाळीस पनवेल.
मग बारा, मग साताऱ्याचा अकरा,
पन्नास कऱ्हाड, आणि शेवटी नऊ.
‘नऊ दिसायला लागले की बाबा जवळ आले.’
मी म्हटलं, अरे, नऊचा ट्रक तुर्भ्यालाही दिसेल,
कांदे-बटाटे उतरवताना.
तो पेन्सिल चावत बसला बराच वेळ.
‘मग एकटा नऊ धरायचा नाही,’ म्हणाला,
‘लागोपाठ तीन आले तर धरायचे.’

एक गोष्ट काकूंखेरीज कुणाला माहीत नाही.
गेल्या रविवारी पहाटे साडेचारला
त्यांना आमच्या सोफ्यावर झोपायला बोलावून
मी कळंबोलीपर्यंत जाऊन आले.
मागच्या सीटवर तांदळाच्या दोन पिशव्या,
दहा-दहा किलोच्या, बेल्ट लावून.
भरलेली गाडी कशी वळते ते कळावं म्हणून.
ठाणे-बेलापूर रोडवर कंपन्यांच्या बसेस तेवढ्या,
आणि दुभाजकावर अंग चाटत बसलेलं एक कुत्रं.
जुईनगरच्या पुढे ट्रकांची रांग लागली.
एकाने मागून हॉर्न धरला तो सोडेचना.
‘जा बाबा, जा,’ मी काचा बंद करून मोठ्याने म्हणत होते.
एक्स्प्रेसवेची पाटी दिसली तिथे कडेला घेतली.
थर्मासातला अर्धा कप चहा प्यायले.
घाट अजून कितीतरी पुढे, अंधारात.
क्लच, ब्रेक सगळं जागच्या जागी होतं,
डावा पाय तेवढा आपल्याच नादात हलत होता.
परत येताना तुर्भ्याच्या वळणावर
एक पिशवी कलंडल्याचा आवाज आला.
मी मागे वळले नाही.
समोर बघतच म्हणाले, ‘नीट बस गं.’

आज संध्याकाळी शर्वा गाडीत डोकावली.
‘बाबांची सीट पुढे का आली?’
तीन खाचा, मी म्हटलं, माझे पाय पोचायला.
‘तिकडे गेल्यावर मागे करायची?’
मी डिकीत स्टेपनीची हवा बघत होते,
म्हणजे तसं दाखवत होते.
हवा कशी बघतात ते बिजूला विचारायचं राहिलंय.

निघायला अजून दोन रात्री आहेत.
पण निहारच्या वहीत पहिल्या रकान्यात
एक नंबर आधीच भरलेला आहे,
त्रेचाळीसचा.
आपलीच गाडी. बघितली ना, म्हणाला, मग धरली.